मातीला आलेले चाहते

चाहता हा शब्द कानावर पडला की माझं डोकं उठतं. अमक्या गेमचे लई चाहते आहेत, असं कुणी कौतुकानं सांगितलं की मी म्हणते, बिचारा, आता त्याचं काही खरं नाही. ऐकणारे हसतात. हसू देत. सांभाळायची पाळी आली नाही ना अजून, म्हणून हसू येतंय. आम्ही सांभाळलेत. मेहरीननं डोकं शांत ठेवून, आणि मी शिव्या देऊन.

मी स्नेहल, बेलापूरची. ही हकिकत मेहरीनची आहे, पण ती स्वतः काही सांगायची नाही. शाळेतसुद्धा उत्तर येत असून ती हात वर करायची नाही, मीच तिचं मनगट धरून वर करायचे. तेव्हा आताही मीच सांगते. माझी जीभ जरा तिखट आहे, तेवढं सांभाळून घ्या.

मेहरीन म्हणजे नियाजचाचांची धाकटी लेक. बेलापुरातून श्रीरामपूरकडे निघालं की डाव्या हाताला चाचांचं वेल्डिंगचं दुकान लागतं. चाचा उसाच्या ट्रॉल्या बनवतात. शाळा सुटली की मेहरीन अर्धवट झालेल्या ट्रॉलीच्या सावलीत बसून अभ्यास करायची. हंगाम सुरू झाला की रस्त्यानं भरलेल्या ट्रॉल्या जायच्या. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, वर बोडक्या आभाळाला टेकेल असा रचलेला ऊस, पुढं कर्कश्श गाणं, आणि खड्ड्यात चाक गेलं की मागची ट्रॉली अशी काही कलायची की मी दप्तर टाकून शेतात पळायचे. ही मात्र रस्त्याच्या कडेला उभीच. पडते का सावरते, ते बघायचं असायचं तिला. चाचा आतून ओरडायचे, “अगं ए, बाजूला हो!” आणि ही म्हणायची, “सावरली, अब्बा!”

कॉम्प्युटरचं शिक्षण घेऊन ती पुण्याला गेली. कंपनीत दुसऱ्यांचे गेम बनवायची. तलवारी, राक्षस, बर्फाचे डोंगर. एका दिवाळीला आली ती सगळं सामान घेऊनच आली. मी विचारलं, काय झालं, भांडलीस का? तर म्हणाली, “बर्फ मी पाहिलाच नाही गं कधी. मला खड्डे माहितीयेत.”

त्या खड्ड्यांचा तिनं गेम केला. नाव ठेवलं ‘फड ते काटा’. फडातून, म्हणजे उसाच्या शेतातून, ट्रॉल्या भरायच्या आणि कारखान्याच्या काट्यावर, म्हणजे ऊस तोलतात तिथवर, न उलटवता न्यायच्या. एवढंच. पण ऑनलाईन असल्यामुळं रस्त्यावर आपण एकटे नसतो. गावोगावची पोरं आपापल्या मोबाईलवरून आपापला ट्रॅक्टर घेऊन त्याच रस्त्याला लागलेली असतात. कुणी कट मारतं, कुणी रस्ता देत नाही, कुणाची ट्रॉली आडवी होते आणि सगळ्यांची वाट अडते. वेग वाढवला की चाचांचा खराखुरा आवाज यायचा, “अरं हळू, हळू! ओझं हाय मागं!” तो आवाज मीच दुकानात उभी राहून रेकॉर्ड केलेला. गेममध्ये माझं काम म्हणजे लोकांच्या तक्रारी वाचायच्या, उत्तरं द्यायची आणि खेळणाऱ्यांचा ग्रुप सांभाळायचा. मेहरीन बनवणार, मी बोलणार.

गेम चालला. असा चालला की रसवंतीवर, एसटी स्टँडवर, लग्नाच्या मांडवात, जिकडं जावं तिकडं चाचांचं “हळू, हळू” ऐकू यायचं. चाचा लाजून लाल व्हायचे. आम्ही दोघी तर हवेतच होतो. आणि मग आली आर्मी.

राहुरीकडचा ओंकार नावाचा एक पोरगा. शिक्षण सुटलेलं, गाडीला मोठा हॉर्न, गळ्यात जाड साखळी. खेळायचा मात्र झकास, ते नाकारत नाही. त्यानं आपल्यासारखी पोरं जमवली आणि नाव दिलं ‘फड ते काटा आर्मी’. आर्मी कशाला लागते, मला सांगा? ट्रॉली चालवायची आहे का सीमेवर जायचंय? पण आम्हाला तेव्हा भारी वाटलं, खोटं कशाला बोलू. आपल्या गेमसाठी पोरं टी-शर्ट छापतात म्हणजे काय!

मग मेहरीनचा वाढदिवस आला आणि त्या शहाण्यांनी श्रीरामपूरच्या चौकात फ्लेक्स लावला. ‘मराठी गेमिंगची वाघीण, मेहरीनताई.’ मध्ये हिचा फोटो, भोवती गॉगल लावलेलं सगळं टोळकं. हा फोटो हिच्या मामेबहिणीच्या लग्नातला, कुठून काढला देव जाणे. चाचा वेल्डिंगच्या कांड्या आणायला गेले होते, ते तसेच मोकळ्या हातानं परत आले.

“चौकात फोटो? किसको पूछके?” एवढंच म्हणाले आणि आत जाऊन बसले.

मेहरीननं ओंकारला फोन करून फ्लेक्स काढायला सांगितला. तो म्हणतो, “ताई, पोरांचं प्रेम हाय. तुमी मनावर नका घेऊ.”

मी फोन हिसकावला आणि म्हटलं, “प्रेम असेल तर ते घरी ठेव मेल्या, चौकात कशाला टांगतोस?” फ्लेक्स दुसऱ्या दिवशी निघाला. पण त्या दिवसापासून मी त्यांच्या डोळ्यांवर आले, आणि ते माझ्या.

पुढं तर कहरच झाला. गेमला कुणी बारीकसं नाव ठेवलं की ही फौज तुटून पडायची. संगमनेरच्या एका मास्तरांनी लिहिलं की गेम छान आहे, पण फोन फार तापतो. साधी तक्रार. यांनी त्या मास्तरांचा नंबर शोधून ग्रुपवर टाकला. मग काय, मास्तर वर्गात असोत की जेवायला बसलेले, फोन वाजायचा आणि पलीकडून विचारायचे, “काय सर, तापला का?” मास्तरांनी गेम काढून टाकला आणि नंबर बदलला. पोरी खेळायला आल्या आणि जिंकल्या, की त्यांना असल्या घाणेरड्या शिव्या, की मी इथं उच्चारणार नाही. पोरी निघून गेल्या. स्टोअरवर लोक लिहायला लागले, ‘गेम चांगला, माणसं घाण. धाकट्या भावाला खेळू देऊ नका.’ हे वाचून मेहरीनच्या तोंडचा घास तोंडातच राहायचा. आणि आर्मीचं म्हणणं काय? गेमची इज्जत आम्ही राखतो!

मेहरीननं काय करायचं बाकी ठेवलं? आधी ग्रुपवर सूचना टाकली, शिव्या चालणार नाहीत. त्याखाली पोरांनी हात जोडल्याची चित्रं टाकली आणि पुढच्याच ओळीत कुणालातरी शिवी. मग मी एकेकाला ग्रुपमधून काढायला लागले. काढावं तितके नव्या नावानं परत यायचे. मग मेहरीन म्हणाली, समोरासमोर बोलू. मी म्हटलं, चपलेनं बोलू. तिनं माझं ऐकलं नाही.

सगळ्यांना दुकानात बोलावलं. चाचांनी ट्रॉलीच्या फळ्या टाकून बसायची सोय केली, चहा सांगितला. मेहरीन बोलली. ती बोलते तशी, हळू, खाली बघत. म्हणाली, “तुम्ही माझ्या गेमवर जीव टाकता, मला आनंदच आहे. पण तुमच्या भीतीनं लोक खेळायचं सोडतायत. कुणाला गेम आवडला नाही तर न आवडू द्या. त्याचं उत्तर मी देईन.”

पोरांनी माना डोलावल्या. ओंकार तर तिच्या पाया पडायला वाकला. जाताना म्हणाले, ताई, एक सेल्फी. घरी पोचायच्या आत तो सेल्फी सगळीकडं झळकला, वर मोठ्या अक्षरात, ‘ताईंचा आपल्याला फुल सपोर्ट’. हात टेकले मी. म्हटलं मेहरीन, यांना चहा नाही, रॉकेल पाजायला पाहिजे होतं.

याच दिवसांत पूजानं तो व्हिडिओ टाकला.

पूजा नगरला कॉलेजात शिकत होती, हॉस्टेलवर राहून. गाव पाथर्डी तालुक्यातलं, डोंगराकडेचं. आईबाप ऊसतोडीला जाणारे, त्या हंगामात आमच्याच भागात प्रवरेकाठी तोडणी करत होते. पोरगी मोबाईलवर गेम खेळून त्याबद्दल बोलायची, बघणारे मूठभर. तिनं ‘फड ते काटा’ला दोन स्टार दिले आणि काय म्हणाली ते मला पाठ आहे.

“गेम मला आवडतो, रोज खेळते. पण एक विचारायचंय. ट्रॉली उलटली की ऊस सांडतो, पोरं हसतात आणि गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मग उसावर बसलेली माणसं कुठं गेली? आमच्या टोळीतली माणसं ट्रॉली भरून झाली की त्याच उसावर बसून जातात. माझा भाऊ वाल्मिक असाच बसला होता. त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरू करता आलं नाही.”

मेहरीननं तो व्हिडिओ बघितला आणि लॅपटॉप मिटून चाचांकडं गेली. विचारलं, “अब्बा, आपल्या ट्रॉल्यांवर माणसं बसतात ना?”

“बसतातच की,” चाचा म्हणाले. “नको म्हटलं तरी कोण ऐकतं? दिवसभर तोडून पुन्हा चालत कुठवर जातील बिचारी?”

ती परत आली आणि पूजाच्या व्हिडिओखाली सगळ्यांना दिसेल असं उत्तर लिहिलं. ‘पूजा, तू बरोबर विचारलंस. माझ्याकडून ती माणसं राहून गेली. मी गेम बदलते.’

झालं. आगीत तेल. आतापर्यंत आर्मी परक्यांवर भुंकत होती, आता घरच्यांवर उलटली. ताईला या पोरीनं भुलवलं. रडका गेम करू नका. माणसं बसवली तर ट्रॉली जड होणार, स्पीड जाणार. आणि एकानं तर मेहरीनला लिहिलं, ‘आमच्या मराठी गेममध्ये ढवळाढवळ करणारी तू कोण? आधी आडनाव बघ स्वतःचं.’ जिनं बनवला तिला! कालची वाघीण आज परकी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय लिहिलं ते मेहरीननं पुसून टाकलं. म्हणाली, “त्यांची भाषा आपण कशाला बोलायची?”

पूजाला तर त्यांनी सळो की पळो करून सोडलं. फोन, मेसेज, घाण फोटो. शेवटी पोरीनं वैतागून मोबाईल बंद केला आणि पेटीत टाकला. परीक्षा तोंडावर होती, म्हटली असेल, आठ दिवस बंदच राहू दे. तेवढं एकच तिच्या हातात होतं.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. कुणी वारलं की पूर्वी माणूस धाडायचे, आता मोबाईलवर फोटो येतो. काळी चौकट, फोटोला हार, खाली समई, ‘दुःखद निधन’, मातीची वेळ, आणि ‘शोकाकुल’ म्हणून घरच्यांची नावं. तो फोटो आला की माणूस हातातलं काम टाकून मातीला, म्हणजे अंत्यविधीला निघतो. खरं की खोटं, कुणी विचारत नाही. मरणाचं खोटं कोण सांगेल?

आर्मीनं सांगितलं. पूजाचा फोटो चौकटीत घातला आणि खाली लिहिलं, ‘कु. पूजा गहिनीनाथ हिचे ट्रॉली उलटून दुःखद निधन. माती राहत्या गावी, सायंकाळी. शोकाकुल, फड ते काटा आर्मी.’ म्हणे गंमत. व्हिडिओत ट्रॉलीचं बोलली ना, मग घाल ट्रॉलीखाली.

तो फोटो ग्रुपवर आला तेव्हा खाली हसण्याची रांग लागली होती. मी पूजाला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. खरं सांगते, क्षणभर मलाही ते खरंच वाटलं. मला तर माहीत होतं हे कुणी केलंय. मग ज्यांना माहीत नव्हतं त्यांचं काय झालं असेल?

त्यांचं असं झालं. फोटो पाथर्डीच्या कुणीतरी पुढं धाडला, तिथून तो नात्यागोत्यात गेला. खालची बारीक अक्षरं कोण वाचतंय? पोरीचा फोटो, बापाचं नाव, आणि ट्रॉली. या घरातला एक पोरगा ट्रॉलीखालीच गेलेला. शंका घ्यायला जागाच नव्हती. गहिनीनाथ आणि त्याची बायको कोयते फडात टाकून जीपनं निघाले. मावश्या, मामा, चुलते टेम्पो करून आले. गावात राहीबाई, पूजाची आजी, एकटीच घरी होती. शेजारणीनं सांगितलं तशी म्हातारीनं चुलीवरची भाकरी उतरवली आणि पेटत्या चुलीत पाणी ओतलं. पोरीला लावलेला प्रत्येक फोन बंद लागत होता. आणि तो बंद का होता? याच हलकटांमुळं.

कुणी नातेवाईक हॉस्टेलवर मयत कुठं ठेवलंय ते विचारायला गेला, तेव्हा पूजाला कळलं. ती एसटीनं गावी पोचली तर स्वतःच्या दारात सगळा गोतावळा पांढऱ्या टोप्या घालून बसलेला. आईनं तिला बघितलं, किंचाळली, आधी तिच्या मुस्काटात मारली आणि मग तिला मिठी मारून खाली बसली.

जमलेले म्हणाले, जाऊ द्या, वाईटातून चांगलं, पोरीचं आयुष्य वाढलं. आमच्यात म्हणतातच तसं, जित्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं. हेच वाक्य ओंकारनं मला फोनवर ऐकवलं. मी त्याला धारेवर धरला होता, तर म्हणतो, “ताई, उलट तिचं आयुष्य वाढलं की! आमचे उपकार माना.”

उपकार! मी इतकी ओरडले की चाचा वेल्डिंग थांबवून बाहेर आले.

आम्ही तिघं पूजाच्या गावी गेलो. मेहरीन, मी आणि चाचा. गहिनीनाथानं बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं, पण डोळ्याला डोळा देईना. राहीबाई भिंतीला टेकून बसलेली. पूजा आत, उंबऱ्यापाशी.

मी म्हटलं, “भाऊ, पोलिसात तक्रार करू. मी येते बरोबर.”

“नको बाई,” तो म्हणाला. “पोरीचं नाव आनखी कुठं लिवायचं न्हाई. लई झालं. परवा आमी फडावर माघारी चाललो, ती बी येईल आमच्यासंगं.”

“फडावर? आणि कॉलेज? परीक्षा?”

“कशाचं कॉलेज? तितं एकलीला ठिवून आमी ऊस कसा तोडायचा? रोज मोबाईल वाजला की हिच्या आईचा जीव जातोय.” मग तो मेहरीनकडं वळला. “तुमी चांगल्या घरच्या दिसता, तुमास्नी दोस न्हाई देत. पन तुमचा त्यो गेम हाय तवर ती पोरं हायेत. आन ती पोरं हायेत तवर माझी पोरगी त्यांच्या तोंडात ऱ्हानार.”

पूजा आतून म्हणाली, “आबा, गेमचा काय दोष? मला आवडतो तो. आवडतो म्हणून तर बोलले.”

मला भरून आलं हो. टी-शर्ट नाही, फ्लेक्स नाही, पण गेमवर खरा जीव या एकटीचा होता. आणि शिक्षा हिलाच. कॉलेजातून उठायचं, कोयता धरायचा, आणि संध्याकाळी त्याच उसावर चढून बसायचं, जिथून भाऊ पडला.

मेहरीननं गहिनीनाथाला विचारलं, “गेम नसला तर ती कॉलेजला जाईल?”

“मग बघू.”

“‘बघू’ नको, काका. जाईल का ते सांगा.”

गहिनीनाथाच्या आधी तोंड उघडलं ते राहीबाईनं. दोन दिवस म्हातारी कुणाशी बोलली नव्हती म्हणे. “जाईल,” ती म्हणाली. “म्या धाडीन. एक नातू गेला त्यो काय परत आला न्हाई. ही आली. हिला म्या फडावर जाऊ द्यायची न्हाई. पन आदी तुझं ते बंद कर.”

“करते, आजी,” मेहरीन म्हणाली.

परत येताना गाडीत मी तिच्यावर तुटून पडले. “वेड लागलंय का तुला? चूक त्या गाढवांची आणि आपण का मरायचं? इतकी वर्षं घातलीस त्यात! डोळे फोडून घेतलेस! आणखी नियम कर, आणखी लोकांना काढ, पण बंद?”

“काढून बघितलं ना स्नेहल. परत येतात.”

“मग येऊ दे! लढू!”

“लढायला तू आणि मी आहोत. उसावर बसलीय ती पूजा.” ती खिडकीबाहेर बघत होती. “ट्रॉली माझी आहे. थांबवायची ती मीच.”

चाचा गाडी चालवत होते. मला वाटलं, ते तरी दोन शब्द सुनावतील. ते फक्त म्हणाले, “मेरी आवाज भी जाएगी फिर,” आणि हसायचा प्रयत्न केला. मी रडायला लागले. मला राग आला की रडू येतं, आणि रडू आलं की आणखी राग येतो.

घरी येऊन मेहरीननं एक फोटो बनवला. तीच काळी चौकट, तोच हार, तीच समई. मध्ये गेमचं चित्र, उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या. ‘फड ते काटा. दुःखद निधन. माती शुक्रवारी सकाळी, नियाज वेल्डिंग, बेलापूर. शोकाकुल, फड ते काटा आर्मी.’ शेवटची ओळ तिनं त्यांच्याच फोटोतून जशीच्या तशी उचलली होती. मग गहिनीनाथाला फोन करून सांगितलं, काका, फडावरून तासभर या, स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

आणि आर्मीला काय वाटलं सांगू? जाहिरात! नवीन व्हर्जन येतंय, ताईंनी भारी आयडिया काढली. दुसऱ्याच्या मरणाचं खोटं करणाऱ्याला सगळ्यांचंच मरण खोटं वाटणार. शुक्रवारी सकाळी हॉर्न वाजवत, टी-शर्ट घालून, फटाक्यांची माळ घेऊन आले. ओंकारच्या हातात मोठा हार होता, मेहरीनसाठी. दुकानापुढं नुसत्या मोटरसायकली.

मेहरीन लॅपटॉप घेऊन फळीवर बसली होती. मागं अर्ध्या रंगवलेल्या ट्रॉलीला टेकून एक माणूस उभा होता, डोक्याला मुंडासं, कपड्यांना उसाच्या पाचटाची धूळ. कुणी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. एकानं तर त्याला म्हटलं, “मामा, जरा बाजूला, व्हिडिओ काढायचाय.”

“ते पूजाचे वडील आहेत,” मेहरीन म्हणाली.

हॉर्न थांबले. ओंकारला हार कुठं ठेवावा कळेना. गहिनीनाथ एकेकाचं तोंड नुसतं बघत राहिला. मला तर तेव्हा वाटत होतं, काका, एक तरी द्या ठेवून. त्यानं नाही दिली.

मेहरीननं लॅपटॉप सगळ्यांकडं फिरवला आणि त्यांच्या देखत सर्व्हर बंद केला. स्टोअरवरून गेम काढला. मग गेमचं सगळं काम ज्यांत साठवलं होतं ते लॅपटॉपमधले कप्पे एकामागून एक पुसले, मी हात धरायच्या आत. पोरांनी मोबाईल काढले. कुणीतरी चालू खेळत होतं बहुतेक, कारण चाचांचं “हळू, हळू” असं अर्धवट ऐकू आलं आणि तुटलं. चाचांनी मान फिरवली.

गहिनीनाथानं खिशातून बटणाचा फोन काढला, गावी शेजारणीला लावला आणि पूजाला बोलावून घेतलं. “पूजे,” म्हणाला, “पिशवी भर. दुपारच्या गाडीनं कॉलेजला जा. व्हय, म्या बगितलं. झालं बंद.” मेहरीनसमोर त्यानं हात जोडले आणि आल्या वाटेनं फडाकडं निघून गेला.

ओंकार अजून उभाच. मोबाईलवर अंगठा आपटत होता, पुन्हा पुन्हा. त्याचे डोळे भरले होते, आणि तुम्हाला खरं सांगू, मला तसूभरही दया आली नाही.

“ताई,” त्याचा आवाज चिरकला. “खोटं हाय म्हना ना. गंमत केली म्हना. गेमचं आयुष्य वाढंल.”

मेहरीन उठली. पहिल्यांदाच तिनं वर बघून, त्याच्या डोळ्यांत बघून बोललेलं मी पाहिलं.

“तुमचं खोटं होतं, ओंकार. माझं खरं आहे,” ती म्हणाली. “मातीला आलात, बरं केलंत. आता जा, आणि घरात पाय ठेवायच्या आधी अंघोळ करा.”